‘पीअर-टू-पीअर’ लिहायचं की ‘स्मार्ट डिलिव्हरी’? आधी वाक्याचा कर्ता ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. स्पर्धा परीक्षांचे तास दाखवणारी तुमची वेबसाइट आहे. सर्व्हरचं बिल वाढत चाललंय, म्हणून तुम्ही एक सुविधा सुचवली: एकाच वेळी तोच तास पाहणारे विद्यार्थी व्हिडिओचे तुकडे एकमेकांच्या ब्राउझरमधून घेतील. मसुद्यात तुम्ही ‘पीअर-टू-पीअर डेटा ट्रान्सफर’ असं लिहिलंत. वरिष्ठ म्हणाले, या शब्दाला टॉरेंटचा, म्हणजे चोरून सिनेमे उतरवण्याचा वास येतो, ‘स्मार्ट डिलिव्हरी’ लिहा. टीममधल्या एकीने ‘विद्यार्थ्यांच्या सहकार्याने वितरण’ असं सुचवलं. आणि तुम्ही विचारताय, कोणता शब्द घातला तर प्रस्ताव मंजूर होईल?

मी २०१३ पासून वेबआरटीसीवर, म्हणजे दोन ब्राउझरना थेट जोडणाऱ्या तंत्रावर काम करतोय. आधी व्हिडिओ कॉल केले, नंतर फाइली आणि व्हिडिओचे तुकडे ब्राउझरमधून ब्राउझरमध्ये नेण्याचं काम केलं. असे प्रस्ताव मी लिहिलेत आणि इतरांचे तपासलेही आहेत. माझ्या अनुभवाने सांगतो, मंजुरी तिन्ही शब्दांनी मिळू शकेल. पण मसुद्यातला शब्द मसुद्यापुरता राहत नाही. तोच पुढे सेटिंगच्या पानावर येतो, परवानगीच्या चौकटीत येतो, तक्रारीच्या उत्तरात येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, सुविधा सुरुवातीपासून चालू ठेवायची की विचारून चालू करायची, हे बऱ्याचदा त्या शब्दानेच ठरून जातं. चर्चा व्हायच्या आधीच. त्यामुळे तुमचा प्रश्न मी असा वाचतो: कुणाचं काय खर्च होणार आहे, हे कोणत्या शब्दांत सांगायचं?

दोन जुनी उदाहरणं घेऊ. २०१५ च्या जुलैत विंडोज १० आलं. अपडेटचे तुकडे इतर संगणकांकडून घ्यायची आणि त्यांना द्यायची सोय त्यात होती, नाव ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’. होम आणि प्रो आवृत्त्यांत ती सुरुवातीपासून चालू होती, आणि देवाणघेवाण घरातल्या संगणकांपुरती नव्हती, इंटरनेटवरच्या अनोळखी संगणकांशीही होती. एंटरप्राइझ आवृत्तीत ती स्थानिक नेटवर्कपुरतीच. न्यायाने सांगायचं तर ‘मीटर्ड’ (म्हणजे मोजून डेटा मिळणारी) अशी खूण केलेल्या जोडणीवरून ती अपलोड करत नसे. पण ती खूण मुद्दाम जाऊन करणारे किती असतात? लोकांना हे कळलं तेव्हा ते चिडले, आणि माझ्या मते त्या चिडण्यात नावाचा मोठा वाटा होता. ‘ऑप्टिमायझेशन’ म्हणजे सुधारणा. सुधारणा करू का, असं कुणी विचारत नाही. ती करून टाकतात.

आता दुसरं उदाहरण. ब्राउझरमध्ये व्हिडिओ दाखवणाऱ्या फ्लॅश प्लेअरच्या १०.१ आवृत्तीत २०१० मध्ये जवळपास हेच तंत्र आलं होतं, नाव ‘पीअर-असिस्टेड नेटवर्किंग’. तिथे वेबसाइटने ते वापरायचं ठरवलं की तुमची बँडविड्थ वापरू का, असं विचारणारी चौकट समोर येई, आणि सेटिंगमध्ये त्याचं स्वतंत्र पान होतं. ‘असिस्टेड’ म्हटलं की कुणीतरी मदत करतंय हे कबूल झालं, आणि मदत करणाऱ्याला विचारावं लागतं. तंत्र तेच, पण नावामुळे वाट बदलली. एकट्या नावानेच बदलली असा माझा दावा नाही, पण नावाने ती सोपी केली.

वेबआरटीसीची स्वतःची कथाही याच अंगाने पाहण्यासारखी आहे. गूगलने ते २०११ मध्ये खुलं केलं, २०२१ च्या जानेवारीत वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचं मानक म्हणून त्यावर शिक्का बसला. पहिल्यापासून त्याची ओळख ‘ब्राउझरमधून कॉल’ अशी. कॅमेरा आणि माइक सुरू करताना ब्राउझर परवानगी मागतो. डेटा चॅनेल, म्हणजे फाइली आणि तुकडे नेणारी वाट मात्र परवानगीशिवाय उघडते. कॉल करायचा म्हणजे दोघांना एकमेकांचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा यंत्राचा क्रमांक कळणारच, असं गृहीत होतं. २०१५ च्या सुरुवातीला हा प्रश्न जोरात चर्चेत आला: ज्या पानावर कॉलचं नावही नाही, तेही हेच दार वापरून पाहणाऱ्याचा स्थानिक आयपी पत्ता मिळवू शकतं, आणि पत्ता लपवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही व्हीपीएनच्या मागचा खरा पत्ताही. पुढे ब्राउझरांनी स्थानिक पत्त्यांऐवजी तात्पुरती नावं द्यायला सुरुवात केली. पण जोडणी जुळली की समोरच्या ब्राउझरला तुमचा सार्वजनिक पत्ता दिसतोच. ‘कॉल’ या चौकटीत जे कुणाला खटकलं नव्हतं, ते ‘डेटा’ या चौकटीत आल्यावर खटकलं.

आता तुमच्या शब्दांकडे येतो. मराठी वाचकाच्या मनात या शब्दांचे अर्थ आधीच पक्के झालेले आहेत, आणि ते इंग्रजी मसुद्यातल्या अर्थांशी जुळत नाहीत.

‘थेट’ हा शब्द घ्या. ‘एका फोनवरून थेट दुसऱ्या फोनवर’ असं वाचलं की आपल्याकडे बहुतेकांना शेअरिट आणि झेंडर आठवतात. २०२० च्या जूनमध्ये सरकारने ५९ अॅप बंद केली त्यात ही दोन्ही गेली, तोवर गावोगावी ‘शेअरिट कर’ हे क्रियापदच झालं होतं. त्या अॅपचं वैशिष्ट्य एकच होतं, दोन फोन जवळ आणले की नेट न खर्चता फाइल जायची. म्हणून ‘थेट’ या शब्दात आपल्या लोकांना ‘फुकट’ ऐकू येतं. तुमच्या सुविधेत तसं नाही. नाशिकचा फोन नांदेडच्या फोनला तुकडा देतो तेव्हा नांदेडला डाउनलोड लागतो आणि नाशिकला अपलोड, आणि दोन्ही आपापल्या पॅकमधून वजा होतात. ‘थेट’ शब्द खरा आहे, पण तो एकटा सोडला तर वाचक चुकीचं समजून घेईल.

‘शेअर’चेही दोन अर्थ चालतात. शेअर रिक्षात भाडं वाटलं जातं, म्हणजे प्रत्येकाला कमी पडतं. व्हॉट्सअॅपवर शेअर केलं की आपलं काहीच जात नाही, नुसती प्रत पुढे जाते. तुमच्या सुविधेत यातलं काहीच घडत नाही. देणाऱ्याचा खर्च वाढतो, आणि त्याला त्या बदल्यात काही मिळेलच असं नाही.

‘सामाईक’ हा सरकारी मराठीतला आवडता शब्द. पण गावाकडच्या माणसाला सामाईक म्हटलं की विहीर आठवते आणि बांध आठवतो. सामाईक विहिरीवर प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली असते, आणि ती मोडली की भांडण होतं. बँडविड्थ सामाईक आहे असं लिहिलंत तर वाचकाने विचारायलाच हवं, पाळी कुणी ठरवली? तुमच्या सुविधेत पाळी तुमचा कोड ठरवतो. ज्याची अपलोडची गती चांगली, त्याच्याकडून जास्त घेतो.

‘सहकार्य’ हा शब्द मला मनापासून आवडतो. सहकारी साखर कारखाने आणि सहकारी दूध संघ पाहत मोठे झालेल्या राज्यात या शब्दाला वजन आहे. म्हणूनच तो जपून वापरा. सहकारी संस्थेत सभासद होताना माणूस अर्जावर सही करतो, भागभांडवल देतो, मत देतो. न विचारता सुरू केलेल्या अपलोडला सहकार्य म्हणणं मला पटत नाही. विचारून सुरू केलंत, तर तुमच्या सहकारी बाईंचा शब्द तिघांत सर्वांत चांगला आहे.

‘स्मार्ट’बद्दल फार लिहीत नाही. तो काहीच सांगत नाही. शिवाय २०२४ मध्ये स्मार्ट मीटरना राज्यात जो विरोध झाला, त्यानंतर हा शब्द ऐकून बिल कमी होईल असं वाटणारी माणसं कमी झाली असावीत.

या सगळ्यांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती ‘बचत’ या शब्दाची. तुमच्या मसुद्यातही तो असणार, कारण तो प्रत्येक मसुद्यात असतो. साधा हिशोब करा. समजा एक तासाचा व्हिडिओ ३०० एमबीचा आहे. एका मुलाने तो पाहिला, आणि त्याच्या फोनवरून गेलेले तुकडे एकत्र केले तर दोन पूर्ण व्हिडिओ भरतील इतके झाले. त्याचा खर्च ९०० एमबी. रोज दीड जीबीचा पॅक असेल, तर तो निम्म्याहून जास्त संपला, आणि त्याच्या मते त्याने एकच तास पाहिला. तुमच्या सर्व्हरवरून जो तुकडा गेला नाही, तो कुणाच्या तरी फोनवरून गेला. एकूण डेटा घटत नाही, बिल भरणारा बदलतो. त्याला ‘आमची बचत’ म्हणणं ठीक आहे. नुसती ‘बचत’ म्हणाल तर अर्धीच गोष्ट सांगितली.

हे मी जाणतो कारण माझ्या हातून तेच झालं होतं. काही वर्षांपूर्वी अशाच एका शिकवणीच्या साइटसाठी मी मसुदा लिहिला. शीर्षक ‘वितरण सुधारणा’. आत सगळी तांत्रिक माहिती खरी होती, पण प्रत्येक वाक्य असं: ‘तुकडे पुरवले जातात’, ‘भार विभागला जातो’, ‘उपलब्ध बँडविड्थ वापरली जाते’. बैठकीत एकही प्रश्न आला नाही. सेटिंगच्या पानावर ‘वितरण सुधारणा: चालू’ अशी ओळ गेली. महिनाभराने एका विद्यार्थिनीचा फोन मदत कक्षातून माझ्याकडे आला. ती म्हणाली, सर, मी सकाळी एकच तास बघते, मग दुपारपर्यंत नेट कसं संपतं? तिला उत्तर देताना मला पहिल्यांदा कर्त्यासकट वाक्य बोलावं लागलं: ‘आम्ही तुमच्या फोनवरून दुसऱ्यांना व्हिडिओ पाठवत होतो.’ ते वाक्य मसुद्यात असतं, तर बैठकीत कुणीतरी नक्की हात वर केला असता. त्याच आठवड्यात आम्ही मोबाइलवरचं अपलोड बंद केलं.

तेव्हापासून माझी एक पद्धत आहे. मसुद्यातली ‘केलं जातं’, ‘वापरलं जातं’ अशी सगळी वाक्यं शोधायची आणि कर्तरी प्रयोगात लिहायची. या कर्मणी रचनेत करणारा ‘कडून’ लावून येतो, आणि बहुतेक वेळा गळूनच जातो. तो परत आणला की मसुदा वेगळाच दिसतो. ‘उपलब्ध बँडविड्थ वापरली जाते’चं होतं ‘आमची साइट विद्यार्थ्याचा डेटा पॅक वापरते’. ‘भार विभागला जातो’चं होतं ‘ज्यांचं नेट वेगवान आहे ते इतरांसाठी अपलोड करतात’. ‘उपलब्ध’ हा शब्द तर तिथेच गळून पडतो, कारण मोजून मिळणाऱ्या पॅकमध्ये काहीच उपलब्ध पडून नसतं.

इथे एक मोठा ‘पण’ आहे. हे सगळं तुमचे विद्यार्थी कुठून पाहतात त्यावर अवलंबून आहे. बरेचसे घरच्या ब्रॉडबँडवर असतील, तर अपलोडचा खर्च त्यांना जाणवणारही नाही, आणि ‘सहकार्याने’ हा शब्द शोभेल. एकाच अभ्यासिकेच्या वायफायवर चाळीस जण तोच तास पाहत असतील, तर खरोखरची बचत आहे, कारण तुकडा बाहेर न जाता आतल्या आत फिरतो. त्यातही अनेक ठिकाणच्या वायफायवर एका फोनला दुसरा फोन दिसूच देत नाहीत, ते आधी तपासा. आणि बहुतेक जण मोबाइल नेटवर असतील, तर सुविधेचा फायदाच थोडा. मोबाइल कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये हजारो फोन एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, आणि बऱ्याच जोड्यांची थेट जोडणी जुळत नाही. अशा वेळी कॉलसाठी मधला टर्न सर्व्हर वापरतात. पण व्हिडिओच्या तुकड्यांसाठी तो वापरण्यात अर्थ नाही, कारण त्याचं बिल पुन्हा तुम्हीच भरणार. मग तुकडा तुमच्या मूळ सर्व्हरवरूनच येईल. म्हणून ‘सर्व्हरविना’ हा शब्द कुठेही लिहू नका. दोन ब्राउझरची ओळख करून द्यायला सर्व्हर लागतोच, आपला बाहेरचा पत्ता कोणता हे विचारायला स्टन सर्व्हर लागतो, आणि काहीच जमलं नाही तर मूळ सर्व्हर लागतो.

‘सुरक्षित’ या शब्दाचंही तसंच. डेटा चॅनेलवरून जाणारा प्रत्येक बाइट कूटबद्ध असतो. ते मानकातच सक्तीचं आहे, बंद करता येत नाही. वाटेत कुणी वाचू शकणार नाही, हे खरं. पण पलीकडे कोण बसलंय आणि त्याला तुमचा आयपी पत्ता दिसतो, हेही खरं. ‘कूटबद्ध’ लिहा, ‘खासगी’ लिहू नका. आणि अनोळखी ब्राउझरकडून आलेला तुकडा मूळचाच आहे ना, हे तुमच्या सर्व्हरने दिलेल्या हॅशशी (तुकड्याच्या डिजिटल ठशाशी) ताडून पाहता, एवढं एक वाक्य जरूर घाला.

आता तुमच्या वरिष्ठांची टॉरेंटची शंका. ती मी बाजूला सारणार नाही. गाणी एकमेकांकडून उतरवून घ्यायचं नॅपस्टर १९९९ मध्ये आलं आणि न्यायालयाच्या आदेशानंतर २००१ मध्ये बंद पडलं, तेव्हापासून या शब्दाला चोरीचा डाग आहे. माझ्या पिढीने इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलमध्ये डीसी प्लस प्लस या फाइल वाटायच्या प्रोग्रामवर सिनेमे फिरवले, त्यामुळे कॉलेजांच्या नेटवर्क नियमांत ‘पीअर-टू-पीअर’ हा शब्द बंदीच्या यादीत दिसतो. पण नेमकं म्हणूनच तो शब्द लपवू नका. तुमचे विद्यार्थी ज्या कॉलेजात बसून तास पाहतात, तिथल्या नेटवर्क सांभाळणाऱ्याला एक दिवस विद्यार्थ्यांच्या यंत्रांमधून अनोळखी पत्त्यांकडे यूडीपी पद्धतीने पाठवलेल्या डेटाचे लोंढे जाताना दिसतील. त्याला तुम्ही आधी खऱ्या नावाने कळवलं असेल, तर तो तुमच्याशी बोलेल. ‘स्मार्ट डिलिव्हरी’ सांगितलं असेल, तर तो अख्खी साइट बंद करेल, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

म्हणजे एकाच गोष्टीला तीन वाचक आहेत. नेटवर्कवाल्याला ‘पीअर-टू-पीअर’ हाच शब्द हवा, कारण त्याच्यासाठी तो नेमका आहे. व्यवस्थापनाला खर्च कुणाकडून कुणाकडे जातो ते हवं. विद्यार्थ्याला ‘पीअर’ शब्दाने काहीच कळत नाही, आणि त्याचं ‘समकक्ष’ केल्याने तर अजिबातच नाही. त्याला नाव नकोच, वाक्य हवं. मी हे असं लिहीन:

‘हा तास पाहताना त्याचे काही तुकडे तुमच्या फोनवरून दुसऱ्या विद्यार्थ्यांना पाठवू का? यात तुमचा डेटा खर्च होईल. ज्यांना तुकडे जातील त्यांच्या ब्राउझरला तुमचा आयपी पत्ता कळेल. नको म्हणालात तरी तास असाच दिसेल.’

खाली दोन बटणं, ‘पाठवा’ आणि ‘नको’, दोन्ही सारख्या आकाराची आणि सारख्या रंगाची. ‘फक्त वायफायवर पाठवा’ असं तिसरं बटण द्यावंसं वाटेल, मलाही वाटलं होतं. पण फोन वायफायवर आहे की मोबाइल नेटवर, हे प्रत्येक ब्राउझर वेबसाइटला सांगत नाही. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये कळतं, आयफोनवरच्या सफारीत कळत नाही. जिथे कळत नाही तिथे ते बटण म्हणजे खोटं आश्वासन. तिथे ते दाखवूच नका.

हा मजकूर आधी मराठीत लिहा आणि मग इंग्रजी करा, असा माझा आग्रह आहे, आणि त्याला कायद्याचाही आधार आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो, आणि मराठी त्या अनुसूचीत आहे. तुमच्या बाबतीत कोणती माहिती त्या कायद्याखाली येते, हे वकिलाला विचारा. पण इंग्रजीतला ‘ऑप्टिमाइझ्ड पीअर डिलिव्हरी’ शेवटच्या दिवशी भाषांतराला देऊन भागणार नाही, एवढं नक्की.

प्रस्तावाच्या शीर्षकाचं विचारलंत म्हणून: ‘विद्यार्थ्यांच्या संमतीने, त्यांच्या यंत्रांवरून व्हिडिओचे तुकडे पाठवणे: पीअर-टू-पीअर सुविधेचा प्रस्ताव’. लांब आहे. पण त्यातला ‘संमतीने’ शब्द शीर्षकात राहिला, तर सुविधा सुरुवातीपासून चालू ठेवायची सूचना ज्याला करायची असेल त्याला आधी शीर्षक बदलावं लागेल, आणि ते त्याला बैठकीत सगळ्यांसमोर करावं लागेल.